हळदीतील शिसे: ऑटोसॅम्पलरच्या आकड्यावर किती विसंबावे?

तंत्रज्ञ, खासगी प्रयोगशाळा, सांगली:
बाजारातील हळदीची पूड आमच्याकडे शिशाच्या तपासणीसाठी येते. ग्राफाइट फर्नेसला, म्हणजे द्रावण तापवून त्यातले शिसे मोजणाऱ्या यंत्राला, ऑटोसॅम्पलर (द्रावण आपोआप सोडणारा यांत्रिक हात) जोडल्यापासून प्रत्येक वेळी यंत्राच्या नळीत नेमके 20 मायक्रोलिटर द्रावण पडते, स्टँडर्डची, म्हणजे तुलनेसाठी लागणाऱ्या ठाऊक प्रमाणाच्या द्रावणांची, मालिका यंत्र स्वतः तयार करते आणि थकल्या हाताने पिपेट (द्रावण मोजून सोडण्याची नळी) धरण्याची वेळ कोणावर येत नाही. हाताने सोडलेल्या द्रावणावरचा अहवाल यापुढे व्यापाऱ्याला देऊच नये, असे माझे मत आहे.

निवृत्त प्राध्यापक, मिरज:
मी सहमत नाही. चूक बहुधा यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच होऊन गेलेली असते. भेसळीचा पिवळा रंग म्हणजे लेड क्रोमेट. त्याच्या वजनात सुमारे 64 टक्के शिसेच असते. हळदीसाठी शिशाची कायदेशीर मर्यादा किलोला 10 मिलिग्रॅम आहे, म्हणजे तुम्ही आम्लात विरघळवता त्या अर्ध्या ग्रॅम पुडीत अवघे 5 मायक्रोग्रॅम. आता या रंगाच्या 0.1 मिलिमीटर व्यासाच्या एकाच भरीव कणाचा हिशेब करा: त्यात जवळजवळ 2 मायक्रोग्रॅम शिसे भरते. तो कण चमच्यात आला की नाही, एवढ्यावर निकाल किलोमागे 4 मिलिग्रॅमने हलतो! पोत्याच्या वेगवेगळ्या थरांतून पूड काढणे, ती बारीक दळून एकजीव करणे, ही कामे माणसाच्या हातची आहेत आणि नव्या मुलांना ती शिकवण्याकडेच दुर्लक्ष होत आहे, याचे मला वाईट वाटते.

तंत्रज्ञ:
सर, कणाचा हिशेब मी करून पाहिला. तो मान्य आहे. पण नमुना घेताना झालेली चूक पिपेट हातात घेतल्याने भरून निघत नाही. उलट एका पोत्याची तीन वेगळी वजने, म्हणजे वेगवेगळे तोललेले तीन नमुने, तपासणे यंत्रामुळेच परवडते. शिवाय दर दहा नमुन्यांनंतर तपासणीचे स्टँडर्ड जाते आणि ते चुकले की पुढचे काम आपोआप थांबते.

अन्न विश्लेषक, सातारा:
ते स्टँडर्ड स्वच्छ आम्लात असते, हळदीच्या द्रावणात नव्हे. हळदीतल्या क्षारांमुळे शिशाचा संकेत दबला, तरी स्टँडर्ड बरोबरच येईल आणि यंत्र थांबणार नाही. हळदीच्या द्रावणात ठाऊक प्रमाणात शिसे मिसळून ते किती परत मिळते, हे प्रत्येक तुकडीत पाहावेच लागते.

निवृत्त प्राध्यापक:
आणि तीन वजने पोत्याच्या तीन ठिकाणांहून घेणार असाल, तर अहवालावर तिन्ही आकडे वेगवेगळे छापा. नुसती सरासरी छापलीत, तर तो कण तिच्यात दडून जाईल.