शब्दचर्चा : ‘रिपीटर’ बंदुकीला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी बंदुकांवरचा लेख मराठीत करते आहे. ‘रिपीटिंग रायफल’ला (एकदा भरली की लागोपाठ अनेक बार काढणारी ‘रिपीटर’) ‘आवर्ती रायफल’ लिहिलं, पण वाचताना आवर्ती ठेवच डोळ्यांपुढे येते. ‘स्वयंचलित’ चालेल का?

प्रतिसाद : ताई, ‘स्वयंचलित’ मुळीच नको, अर्थच पालटतो. त्या काळच्या रिपीटरमध्ये दर बारामागे हात चालवावाच लागे. स्पेन्सर रायफलीच्या दस्त्यात ७ काडतुसं मावत, पण तरफ खालीवर केल्यावर घोडा (चाप नव्हे, हॅमर) हाताने वेगळा मागे ओढावा लागे. ठासणीच्या बंदुकीहून ती वेगळी ठरली ती आत काडतुसांचा साठा होता म्हणून. आपल्याकडे ‘सहाबारी पिस्तूल’ म्हणतात. बार म्हणजे भरलेली दारू, त्यामुळे साठ्याचा अर्थ शब्दातच आहे. त्याच धर्तीवर ‘अनेकबारी रायफल’ म्हणा.

प्रश्नकर्ती : ‘अनेकबारी’ आवडला! माझा लेख मुख्यतः इव्हान्स रायफलीवर आहे. तिथे जमेल?

प्रतिसाद : तिथे तर फारच शोभेल, ती चौतीसबारी होती! वॉरन इव्हान्स हा अमेरिकेच्या मेन राज्यातला दंतवैद्य. १८६८ आणि १८७१ मध्ये त्याने पेटंटं घेतली आणि १८७३ पासून मेकॅनिक फॉल्स गावी कारखाना चालला. दस्त्यात चार खाचांचा दांडा आणि त्याभोवती मळसूत्र. तरफ एकदा खालीवर केली की दांडा पाव फेरा फिरे, रिकामं टरफल बाहेर पडे आणि पुढचं काडतूस नळीच्या तोंडाशी येई. इतर काही रिपीटरांच्या नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या कप्प्यात) एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं, इथे मळसूत्र प्रत्येकाला वेगळं धरून ठेवी. मला ही रचना फार देखणी वाटते. भरणं मात्र कटकटीचं : दस्त्याच्या टोकाच्या झडपेतून एक काडतूस घाला, तरफ हलवा, की दुसरं. असं चौतीस वेळा. पुढे काडतूस लांब केलं तेव्हा २८च मावू लागली, म्हणून लेखात सरसकट ‘चौतीसबारी’ लिहू नका. सैन्याने ती स्वीकारली नाही. १८७९ च्या सुमारास कारखाना बंद पडला. एकूण बारा-पंधरा हजार नगच निघाले, म्हणून आज दुर्मिळ.

आणखी एक प्रतिसाद : माझं मत थोडं निराळं आहे. ‘काडतूस’, ‘पिस्तूल’ हे शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतले आणि ते घरचे झाले. मग ‘रिपीटर’ का नको? शिवाय दुनळी बंदूकही दोन बारांचीच, ती काही रिपीटर नव्हे.

प्रतिसाद : दुनळीचा मुद्दा रास्त आहे. तिच्यात साठा नसतो, नळ्याच दोन असतात. म्हणून पहिल्यांदा येईल तिथे ‘अनेकबारी (रिपीटर) रायफल’ असं लिहावं, पुढे नुसतं ‘अनेकबारी’. ‘मॅगझिन’ मात्र तसाच ठेवा. ‘दारूकोठार’ लिहिलंत तर वाचक किल्ल्यावर जाईल.

प्रश्नकर्ती : पटलं. वाक्य असं करते : ‘इव्हान्सच्या अनेकबारी रायफलीचं मळसूत्री मॅगझिन दस्त्यातच होतं.’

प्रतिसाद : उत्तम. ‘मळसूत्री’ अगदी चपखल बसला.