परासरण म्हणजे 'पाण्याचं विसरण' म्हटलं तर चालतं का?

गंगापूररोडकर: मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, आता अकरावी सायन्स, नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) मराठीतून द्यायची म्हणतेय म्हणून मी तिला नोट्स मराठीत काढून देतोय. परासरणाला 'निवडक्षम पटलातून होणारं पाण्याचं विसरण' लिहिलं, तर क्लासच्या सरांनी काट मारली. म्हणे विसरण विरघळलेल्या पदार्थाचंच, पाण्याचं फक्त परासरण. आम्हाला शाळेत तर हीच व्याख्या होती. बरोबर कोण?

शाईपेन: तुम्ही. पाण्याचे रेणू जास्त तिकडून कमी तिकडे जातात, फक्त मधे निवडक रेणूच जाऊ देणारं पटल हवं. खरा घोळ 'संहती'चा, म्हणजे द्रावणातल्या प्रमाणाचा आहे. 'कमी संहतीकडून जास्त संहतीकडे' हे वाक्य मिठासाखरेच्या संहतीबद्दल असतं, पोरं ते पाण्याची संहती धरून वाचतात आणि सगळं उत्तर उलटं होतं. दर वेळी 'कशाची संहती' ते लिहायला लावा तिला.

कोशप्रेमी: दोन्हीत 'सृ' धातूच आहे. विसरण म्हणजे पसरणं, परासरण म्हणजे पलीकडे सरणं. आपलं रोजचं 'विसरणे' मात्र विस्मरणाच्या घरचं, त्याचा इथे संबंध नाही.

निफाडकर: एवढे जड शब्द कशाला? आमच्याकडे द्राक्षबागेत 'मण्यात पाणी उतरलं' म्हणतात, तेच घ्या, नाशिकच्या पोरांना एका मिनिटात कळेल.

दिंडोरीची: दादा, पाणी उतरणं वेगळं हो. तेव्हा मणी मऊ पडतो, साखर भरायला लागते आणि ती साखर पानांनी केलेली असते. परासरण बघायचं तर माल तयार असताना अवकाळी झाला की बघा. आत साखर 18-20 ब्रिक्स (रसातली टक्केवारी समजा), सालीवर नुसतं पावसाचं पाणी, ते सालीतून आत शिरतं, मुळांकडूनही येत असतं, मणी फुगतो आणि साल ताण न सोसून तडकते. सकाळी घड उचलून धरला तर चिरांतून रस गळतो. याला सगळे क्रॅकिंगच म्हणतात.

निफाडकर: ताई, आमचे वडील दोन्हीला पाणी उतरलंच म्हणायचे. शब्द वापरणाऱ्याचा असतो, पुस्तकाचा नाही.

कोशप्रेमी: बागेत चालेल, पेपरात नाही. अंतःपरासरण (पाणी पेशीत येणं) आणि बहिःपरासरण (बाहेर जाणं) वेगळं कसं दाखवणार मग?

वॉर्डवाली: मी नर्स आहे. 0.9 टक्के सलाईनला पुस्तकात समपरासारी (रक्ताइतक्याच संहतीचं) म्हणतात, वॉर्डात हा शब्द कुणीच बोलत नाही, आयसोटॉनिकच. पण अर्थ पक्का हवा, नुसतं डिस्टिल्ड वॉटर शिरेत गेलं तर तांबड्या पेशी फुगून फुटतात.

शाईपेन: आणि पेशीच्या पटलातल्या सोडियम-पोटॅशियम पंपाला चुकून विसरण लिहू नका. एका एटीपीवर (ऊर्जा देणारा रेणू) 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत, तेही कमीकडून जास्तीकडे. ते सक्रिय वहन.

गंगापूररोडकर: पण मग सरांना काय सांगू?

दिंडोरीची: निफाडकर दादा, तुमच्याकडे खरंच दोन्हीला एकच शब्द? बागलाणात आगाप (लवकर) छाटणीवाले काय म्हणतात, कुणाला माहितीये का?