नागपूरच्या थंडीत कासव खोक्यात झोपवायचं की नाही?

मानेवाडा: परवा आपल्या गटावर कुणीतरी सल्ला दिला, "थंडीत कासव आपोआप झोपतं, पुठ्ठ्याच्या खोक्यात गवत घालून ठेवा, मार्चमध्ये उघडा." लोक आभार मानून राहिले, म्हणून लिहितो. शीतनिद्रेला सलग दोन-तीन महिने 4 ते 8 अंश लागतात. आपल्याकडे जानेवारीत पहाटे 10 आणि दुपारी 28. यात कासव ना धड झोपतं, ना जागं राहतं. गारठ्यात पचन थांबून पोटातलं अन्न सडतं, दुपारी ऊब मिळाली की साठवलेली चरबी जळते. मार्चमध्ये खोकं उघडाल तेव्हा हाती कवच येईल.

सीताबर्डी: सल्ला माझा होता. लाल कानाचा स्लायडर, म्हणजे आपण घरी पाळतो ते पाणकासव, मूळचा अमेरिकेतला, तिथे तळी गोठतात तरी जगतो. खोकं नको तर टाकीतलं पाणी तापवायला हीटर लागणार, त्याचं काय? स्वस्त हीटरचा थर्मोस्टॅट (तापमान राखणारा स्विच) चिकटला की पाणी 40 च्या पार जातं. कासव शिजतं, ते बरं?

मानेवाडा: तळं वरून गोठलं तरी तळाचं पाणी 4 अंशांच्या आसपास टिकतं. तुमचं खोकं गॅलरीत आहे, तळ्याच्या तळाशी नाही. आणि पाणकासवाला सुक्या गवतात ठेवणं म्हणजे त्याला वाळवणं.
100 लिटर पाण्याला 100 ते 150 वॉटचा हीटर पुरतो. तो तळाशी आडवा, पूर्ण बुडालेला हवा, वर जाळीचं कव्हर, नाहीतर कासव धडक देऊन काच फोडतं. पाणी बदलायच्या आधी प्लग काढून पंधरा मिनिटं थांबा, गरम काच उघडी पडली की तडकते. पाणी 25-26 ठेवा. टाकीवर अर्धं झाकण ठेवा. पाणी कोमट आणि वरची हवा गार असली की प्रत्येक श्वासाला गारठा छातीत जातो. नाकातून बुडबुडे, एका बाजूला कलून तरंगणं, तोंड उघडं ठेवणं ही न्यूमोनियाची लक्षणं. मग घरगुती उपाय नाही, थेट डॉक्टर.

धंतोली: अन् बल्ब? काहून लोक एलईडी लावतात तेच समजत नाही, त्याला ऊब नसते. चढून बसायच्या दगडावर 60 वॉटचा जुना पिवळा बल्ब, 25-30 सेंटिमीटर उंच, दगडाचा पृष्ठभाग 32 अंशांपर्यंत. यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) देणारी ट्यूब वेगळी. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यूव्हीबी देत नाही, म्हणून अकरा ते तीन गच्चीवर न्या, अर्धी सावली ठेवून.

प्रतापनगर: हीटरचं नंतर बघा. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी पिवळ्या चांदण्यांचं स्टार कासव आहे? 2022 च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पाळणंच गुन्हा. अन् ते शीतनिद्रा घेतही नाही, गार आणि ओल एकत्र आली की लगेच आजारी पडतं.

सीताबर्डी: विषय थंडीचा होता, कायद्याचा नाही! धाक बसला की लोक कासव फुटाळा तलावात सोडून येतील.

प्रतापनगर: फुटाळ्यात? तेच तर चालू आहे! स्लायडर मोठा झाला, टबमध्ये मावेना, की तलावात. तो जगातल्या शंभर घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. आपल्या देशी कासवांची ऊन खायची जागा, अन्न, सगळं बळकावतो. घरात पोसणं झेपत नसेल तर चांगलं घर शोधा, तलावात सोडू नका. स्टार कासव असेल तर वनखात्याकडे द्या. सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (वन्यप्राण्यांवर उपचार करणारं केंद्र) आधी फोन करून विचारा.

मानेवाडा: हे मात्र सगळ्यांनी वाचा.

सीताबर्डी: ठीक, खोक्याचा सल्ला मागे. पण हीटरचा धोका मी मागे घेत नाही.

मानेवाडा: घेऊ नका, बरोबर आहे तो. हीटरच्या आतल्या थर्मोस्टॅटवर विसंबू नका. बाहेरचा डिजिटल कंट्रोलर लावा, 26 वर बंद आणि 25 वर चालू. त्याचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) हीटरच्या समोरच्या कोपऱ्यात. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टाकीला बाहेरून टेकवा, आणि पाणी 20 च्या खाली गेलं तर त्या दिवशी खायला देऊ नका.