अजगराच्या कातडीचा पट्टा: माझं मत
वर विचारलंय, वडिलांच्या जुन्या घड्याळाला अजगराच्या कातडीचा पट्टा घ्यावा का? मनापासून सांगतो, घेऊ नका.

नाशकात मेन रोडला एका घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांकडे असा पट्टा हातात घेऊन पाहिलाय. कातडी कागदासारखी पातळ, खाली दुसऱ्या चामड्याचं अस्तर. बोट एका दिशेने फिरवलं तर गुळगुळीत, उलट फिरवलं की खवल्यांच्या कडा नखाला अडकतात. बकलपाशी, जिथे पट्टा रोज वाकतो, तिथले खवले उचकटून आले होते. (खवले अजिबात उचलले जात नसतील, तर तो बहुधा साध्या चामड्यावरचा ठसा.)

आणि कायद्याचं काय? आपला भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. त्याच्या कातडीची खरेदी-विक्री गुन्हा आहे. अशा महागड्या पट्ट्यांची कातडी बरीचशी आग्नेय आशियातल्या जाळीदार अजगराची असते, पण तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही साइट्स करारानुसार (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागतो. गंगापूरच्या बाजूला शेतात अजगर निघाला की सर्पमित्रांना बोलावणारी माणसं आपण, मनगटावर तीच कातडी मला तरी बघवत नाही.

म्हशीच्या चामड्याचा चांगला शिवलेला पट्टा घ्या. जाताना घड्याळ सोबत न्या, जुन्यांना बरेचदा १८ मिमी रुंदीचा लागतो.