मदत हवी आहे: 'ई' की दगा देतेय, 'सोलापूर'चं 'सोलपूर' उमटतंय

कानामात्रा (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

लॅपटॉप १५.६ इंची, विंडोज ११, चपट्या कीजचा साधा कीबोर्ड, बॅकलाइट नाही, वॉरंटी संपलेली. आठवडाभर 'ई' की नीट चालत नाही. मराठी इन्स्क्रिप्टवर (भारतीय भाषांचा कीबोर्ड लेआउट) टाईप करतो, त्यामुळे तीच की कान्याची. म्हणजे जवळजवळ प्रत्येक शब्द अडतो.

लक्षणं अशी:

हलक्या हातानं दाबली की दहातून सहा-सात वेळा काना येतच नाही. 'महाराष्ट्र'चं 'महरष्ट्र' होतं. जोरात दाबली की येतो, पण कधी कधी दोन येतात. शेजारच्या डब्ल्यू, आर, डी अगदी व्यवस्थित आहेत. बाकीच्या कीजना दाबल्यावर बोटाला जो 'टक्' लागतो, तो हिला लागत नाही, जरा मऊ वाटते. चहा-पाणी काही सांडलेलं नाही.

रीस्टार्ट केलं, ड्रायव्हर (कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट केला, फरक शून्य. दुकानात दाखवलं तर न उघडताच "पूर्ण कीबोर्ड बदला" म्हणाले. एका कीसाठी सगळा कीबोर्ड बदलावाच लागतो का? घरी काही करता येईल का?

हुतात्मा एक्स्प्रेस

ड्रायव्हरचा नाद सोडा. ड्रायव्हर बिघडला तर अख्खा कीबोर्ड बंद पडेल, एकटा काना गाळणार नाही. तरीही उघडण्याआधी दहा मिनिटं खर्च करून सॉफ्टवेअरचा संशय कायमचा मिटवा.

पहिलं, भाषा बदलून बघा. विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजीवर जा आणि ई टाईप करा. तिथंही गळत असेल तर लेआउटचा दोष नाही. मग विंडोज आणि ई एकत्र दाबा, फाईल एक्सप्लोरर उघडला पाहिजे. हलक्या दाबानं तो उघडत नसेल तर दाब कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नाही.

दुसरं, फिल्टर कीज. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली की विंडोज हे चालू करण्याबद्दल विचारतं, आणि माणूस न वाचता 'हो' म्हणून मोकळा होतो. मग हलके, झटपट दाब विंडोज गिळतं. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथं जाऊन बंद असल्याची खात्री करा. तुमचा त्रास एकाच कीला आहे, म्हणून हे कारण असण्याची शक्यता कमीच, पण बघायला काही लागत नाही.

तिसरं, विंडोजच्या बाहेर तपासा. एचपी असेल तर चालू करताना एस्केप आणि मग एफ२, डेल असेल तर एफ१२ मधून डायग्नॉस्टिक्स. त्यात कीबोर्डची चाचणी असते. तिथंही ई गळली तर दोष यंत्रात, शंभर टक्के.

एक महत्त्वाची गोष्ट. लॅपटॉपच्या प्रत्येक कीला स्वतंत्र वायर नसते. आडव्या-उभ्या ओळींची जाळी असते आणि कंट्रोलर ती सतत चाळत असतो. एखादी ओळ तुटली किंवा रिबन (कीबोर्डला जोडणारी चपटी वायर) सैल झाली तर तीन-चार कीज एकदम जातात, आणि बऱ्याचदा त्या एकमेकींच्या शेजारीही नसतात. म्हणून सगळ्या कीज एकदा दाबून बघा, एफ१ पासून बाणांपर्यंत. फक्त ई असेल तर बिघाड त्या कीच्या खालीच आहे.

कानामात्रा

सगळं केलं. इंग्रजीतही गळते. विंडोज-ई हलक्या दाबानं लागत नाही, जोरात लागतं. फिल्टर कीज बंदच होत्या. डायग्नॉस्टिक्समध्येही ई तशीच. बाकी एकूण एक की चालते.

शेंगाचटणी

पुढचं काही करण्याआधी एक बघा. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून बाजूनं बघा. कीबोर्ड मध्येच फुगलाय का, टचपॅड वर आलाय का, टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतो का? आपल्याकडच्या उन्हाळ्यात, त्यात दिवसभर चार्जरला लावलेला असेल तर बॅटरी फुगते आणि खालून कीबोर्डला रेटते. तसं असेल तर की वगैरे विसरा. चार्जर काढा, वापर थांबवा, बॅटरी बदलून घ्या. फुगलेल्या बॅटरीवर कीबोर्ड दाबून बसवणं किंवा तिला टोचणं म्हणजे आगीला आवतण.

कानामात्रा

सपाट आहे, कुठं फुगलेला नाही. पलंगावर चादरीवर ठेवून वापर होतो हे मात्र खरं.

कडक भाकरी

मग बहुतेक सापडलंच. चादरीचा आणि टॉवेलचा सुती तूस, त्यात भाकरीचा चुरा. आपल्या गावात लॅपटॉप उघडला की हेच दोन निघतात. चादर खालची हवा अडवते तो ताप वेगळाच.

आधी आत काय असतं ते समजून घ्या, म्हणजे हात थरथरणार नाही. वरून खाली: प्लॅस्टिकचं टोपण, त्याखाली एकमेकांत अडकलेल्या दोन नाजूक चौकटी, यांना कात्री म्हणतात, मध्ये रबराची छोटी टोपी, आणि तळाला मेंब्रेन. मेंब्रेन म्हणजे प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर चांदीच्या शाईच्या रेषा, मधल्याला कीच्या जागी भोक. रबर दबलं की वरचा पापुद्रा भोकातून खालच्याला टेकतो आणि अक्षर उमटतं. रबर स्वतः वीज नेत नाही, फक्त दाबतं. तुमचा 'टक्' गेलाय म्हणजे संशय रबरावर किंवा कात्रीवर जातो, मेंब्रेनवर नंतर.

कृती: लॅपटॉप शट डाऊन, चार्जर बाहेर. शेजारच्या कीजचा मोबाईलवर जवळून फोटो. मग जुनं एटीएम कार्ड किंवा गिटारची पिक घ्या. स्क्रू ड्रायव्हर, सुरी बिलकूल नको, टोपणाची कड तुटते. टोपणाखाली एका बाजूला हुकासारखे आकडे असतात आणि दुसऱ्या बाजूला खाचा. कुठली बाजू आधी निघते हे मॉडेलप्रमाणे बदलतं. एक कोपरा हलकेच उचला. सहज येत नसेल तर जोर न लावता दुसरी बाजू धरा. दोन बारीक 'टिक्' ऐकू आले की टोपण सुटलं. कात्री टोपणासोबत वर आली तर घाबरू नका, ती खालच्या पत्र्याच्या हुकांत परत बसते.

स्पेस, एंटर, शिफ्ट काढायच्या भानगडीत पडू नका. त्यांच्याखाली तारेची दांडी असते आणि ती परत बसवताना माणूस रडकुंडीला येतो. २०१५ ते २०१९ दरम्यानचा बटरफ्लाय कीबोर्डचा मॅकबुक असेल तर कुठलंच टोपण काढू नका. हे पुढं वाचणाऱ्यांसाठी.

टोपण निघालं की पेन्सिलच्या मागचं खोडरबर घ्या, लॅपटॉप चालू करा, नोटपॅड उघडा आणि रबराची टोपी बरोबर मध्यावर दाबा. वीस वेळा. निकाल सांगा:

वीसपैकी वीस वेळा आला, तर मेंब्रेन ठणठणीत आहे. दोष टोपण, कात्री किंवा कचऱ्याचा.
जोर लावल्यावरच आला, तर मेंब्रेनमध्ये घाण किंवा ओल.
आलाच नाही, तर रेष गेली. मग दुकानवाला बरोबर.

कानामात्रा

टोपण निघालं. खाली राखाडी तुसाची गोळी होती, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढी, कात्रीच्या डाव्या बाजूला. रबर एका बाजूला सरकलेलं वाटतं. खोडरबरानं दाबलं: २० पैकी २०.

घरात हँड सॅनिटायझर आहे, त्यानं पुसू का?

शेंगाचटणी

नको! सॅनिटायझरमध्ये पाणी असतं आणि बऱ्याचदा ग्लिसरीनही. ते वाळत नाही, चिकट थर बसतो आणि नवा तूस पकडतो. अत्तर, थिनर, पेट्रोल, शिवणयंत्राचं तेल, यांतलंही काही नको. थिनर तर टोपणावरचं अक्षरच नेईल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा, दुकानदार 'आयपीए' म्हणतात. इअरबडला थेंबभर, निथळणारा नाही. जास्त झालं तर ते घाणीसकट मेंब्रेनच्या पापुद्र्यांत उतरतं.

तुमची घाण कोरडी आहे, तेव्हा आधी चिमट्यानं गोळी उचला, मऊ ब्रशनं झाडा. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. दाबलेल्या हवेचा डबा असेल तर उभा धरून तिरक्या कोनात छोटे छोटे झोत मारा. डबा उलटा झाला तर गार द्रव बाहेर पडतो.

कडक भाकरी

रबर सरकलंय म्हणालात. काही कीबोर्डांत ते खाली चिकटवलेलं असतं. पूर्ण सुटलं असेल तर जुना डिंक आयपीएनं पुसा आणि कडेला अगदी सुईच्या टोकाएवढा चिकटवा लावून मध्यावर बसवा. फेव्हिक्विक चुकूनही नको, पसरतं, कडक होतं आणि की कायमची संपते. नुसतं एका बाजूनं उचललं असेल तर काही न लावता बोटानं मध्यावर आणा.

मग कात्री आधी पत्र्याच्या हुकांत. दोन्ही चौकटी सपाट पडल्या पाहिजेत आणि बोटानं उचलल्यावर सारख्या वर आल्या पाहिजेत. त्यावर टोपण सरळ ठेवायचं, खाचांची बाजू आधी सरकवायची आणि मग दुसरी बाजू दाबायची.

तपासणीला शब्द देतो: 'बाराबंदी'. एका शब्दात दोन काने. पन्नास वेळा टाईप करा, म्हणजे शंभर काने. मुद्दाम बोट कधी मध्यावर, कधी कोपऱ्यांवर टाका.

हुतात्मा एक्स्प्रेस

तोवर काम अडू नये म्हणून: मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट मिळतं. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये कॅप्स लॉकला ई करून टाका, इन्स्क्रिप्टमध्ये कॅप्स लॉक तसा लागत नाही. लॉगिनच्या पडद्यावर मात्र हे चालत नाही. पासवर्डमध्ये ई असेल तर तिथल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडायचा.

आणि दोन दोन काने येतात त्याला फिल्टर कीजमधला एकाच कीचे लागोपाठचे दाब दुर्लक्षित करण्याचा पर्याय चालेल. इंग्रजीत तो त्रास देतो, कारण तिथं एकच अक्षर लागोपाठ दोनदा बऱ्याचदा येतं. मराठीत काना लागोपाठ दोनदा कधीच येत नाही.

कानामात्रा

तूस काढला, रबर मध्यावर आणलं, टोपण बसवलं. 'टक्' परत आला. 'बाराबंदी' ५० वेळा: १०० पैकी ९६ काने. गळलेले चारही वरच्या डाव्या कोपऱ्यावर दाबताना. दोन दोन काने मात्र एकदाही आले नाहीत.

कडक भाकरी

म्हणजे कात्रीचा तो एक कोपरा नीट बसलेला नाही. त्या कोपऱ्यावर टोपण तिरकं होतं आणि रबर मध्यावर दबत नाही. टोपण परत काढा आणि मोबाईलचा टॉर्च आडवा धरून कात्रीचा डावा वरचा खिळा बघा. हुकाच्या वर टेकला असेल, आत नाही. आत सरकवा. खिळाच तुटला असेल तर त्या मॉडेलचं टोपण आणि कात्री सुटी मिळते. मागवताना मॉडेल नंबरासोबत कात्रीचा फोटोही पाठवा, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या कात्र्या येतात. घाई असेल तर क्वचित लागणाऱ्या कीची, उदाहरणार्थ स्क्रोल लॉकची, कात्री काढून इथं लावा. मापाची असेल तरच.

कीबोर्ड बदलायची वेळ आलीच तर विचारा: तो सुटा निघतो की वरच्या पॅनलला प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी बसवलाय? रिव्हेट असतील तर वितळवून काढावे लागतात, मजुरी तिथंच वाढते. एंटरचा आकार आडवा की उलट्या एलसारखा, पॉवरचं बटण कीबोर्डातच आहे का, हेही जुळवून घ्या. रिबन काढण्याआधी बॅटरीची पिन काढलीच पाहिजे, आणि रिबनची खिट्टी नखानं उचलायची, ओढायची नाही. स्क्रू कुठून काढले ते कागदावर मांडून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला की वरून फोड येतो.

कानामात्रा

खिळा हुकाच्या वरच होता. आत सरकवल्यावर टिक् आवाज आला. पुन्हा ५० 'बाराबंदी': १०० पैकी १००, चारही कोपऱ्यांवरून. कॅप्स लॉक परत कॅप्स लॉक केला. लॅपटॉप आता पाटावर, चादर बाजूला. सर्वांचे आभार. प्रश्न सुटला अशी धाग्यावर खूण करतो.