मदत हवी आहे: ७४१ या अँप्लिफायर आयसीवर बनवलेलं गिटारचं डिस्टॉर्शन पेडल, गेन वाढवला की आवाजच गायब

नमस्कार मंडळी,

मी मिरजेची. इथे सतार-तंबोऱ्याचं काही अडलं तर गल्लीत दहा जण सांगणारे भेटतील, पण इलेक्ट्रिक गिटारच्या पेडलबद्दल विचारावं असं कोणी सापडलं नाही, म्हणून हा धागा.

डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारा डबा) हवं होतं. नव्या पेडलच्या किमती बघितल्या आणि तो विचार सोडला. माझं बजेट सगळं मिळून सातशे रुपये, डबा आणि स्विच धरून. तेव्हा घरीच बनवायचं ठरवलं. सर्किट निवडलं ते एमएक्सआर कंपनीच्या 'डिस्टॉर्शन प्लस' पेडलच्या धर्तीचं, सत्तरच्या दशकातलं. एक ७४१, दोन डायोड, दोन पॉट (फिरवायचे रेझिस्टर) आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, बास. मूळ सर्किटात जर्मेनियम डायोड आहेत, ते सांगलीत मिळाले नाहीत. दुकानदाराने १एन४१४८ हे सिलिकॉन डायोड दिले. (नंतर वाचलं की सिलिकॉन डायोड लावले की ते डीओडी २५० या दुसऱ्या पेडलच्या जवळ जातं. तेही चालेल.)

जोडणी अशी आहे (एनएफ आणि मायक्रोफॅरड म्हणजे कपॅसिटर; के म्हणजे हजार ओहमचे आणि मेग म्हणजे दहा लाख ओहमचे रेझिस्टर):

गिटारकडून १० एनएफ, मग १० के, मग पिन ३. बॅटरीच्या ९ व्होल्टचे १ मेगच्या दोन रेझिस्टरने निम्मे केलेत, त्या मधल्या जोडावरून आणखी एक १ मेग पिन ३ ला. पिन ६ वरून पिन २ ला १ मेग. पिन २ वरून ४७ एनएफ, ४.७ के, गेनचा, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा त्याचा पॉट (१ मेग लिनियर) आणि ग्राउंड, सगळं ओळीने. पिन ६ वरून १ मायक्रोफॅरड, १० के, मग ग्राउंडला उलटसुलट जोडलेले दोन डायोड आणि १० के चा व्हॉल्यूम. पिन ७ ला ९ व्होल्ट, पिन ४ ग्राउंड. सगळं झिरो पीसीबीवर आहे, आयसी बेसमध्ये बसवलाय, सॉकेट पी-३८ चे (गिटारची जाड पिन बसते ते).

आता रडगाणं. गेन अगदी कमीवर ठेवून तार जोरात छेडली तर फुर्र असा फाटका आवाज येतो आणि लगेच बंद पडतो. हळू वाजवलं तर काहीच नाही. गेन वाढवत नेला तर उलट आवाज कमी होत होत पूर्ण जातो. आयसी बदलून बघितला, तेच. गिटार आणि अँप थेट जोडले की ठणठणीत वाजतात.

बाबांचा काट्याचा मीटर आहे, त्यावर १० व्होल्टच्या रेंजला बघितलं. पिन ७ वर ९ व्होल्ट बरोबर. पण मधल्या जोडावर साडेचार हवेत तिथे सव्वा-दीड व्होल्टच दिसतात, आणि पिन ३ वर जेमतेम अर्धा. रेझिस्टरचे रंग पुन्हा तपासले, तपकिरी-काळा-हिरवाच आहेत. व्होल्टेज जातंय कुठे?

फोटो टाकायचा होता पण अपलोड होत नाहीये.

---

ठिणगी:
ड्राय सोल्डर. शंभर टक्के. झिरो पीसीबीवर पहिल्यांदा काम करणाऱ्याचे निम्मे डाग कच्चे असतात. सगळे पुन्हा गरम करा आणि मग बोला.

---

गल्लीतला_गिटारिस्ट:
सातशेत कशाला डोक्याला ताप? थोडे अजून साठवा आणि सेकंडहँड घ्या. बनवलेल्या पेडलला पुन्हा विकायची किंमत नसते.

---

धागाकर्ती:
@ठिणगी, सगळे डाग पुन्हा दिले. फरक शून्य.
@गल्लीतला_गिटारिस्ट, विकायचं नाहीये हो, वाजवायचंय.

---

जुना_रेडिओ:
ताई, रेझिस्टर बदलायला घेऊ नका, ते ठीक आहेत. पिन ३ चं रीडिंग तुमचा मीटर पाडतोय.

काट्याचा मीटर स्वतः करंट खातो. तबकडीच्या कोपऱ्यात २०,००० ओहम प्रति व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असेल. म्हणजे १० व्होल्टच्या रेंजला मीटर हा २ लाख ओहमचा रेझिस्टर झाला. तुमचे दोन १ मेग मधल्या जोडावरून बघितले तर मिळून ५ लाख ओहम. त्यावर २ लाखांचं ओझं टाकलंत की साडेचारचे १.३ व्होल्ट राहतात. पिन ३ ला जाताना अजून एक १ मेग मध्ये येतो, तिथे हिशेबाने ०.५ च्या आसपास यायला हवं. तुम्ही अगदी तेच लिहिलंय! म्हणजे पिन ३ पर्यंतचं सगळं बरोबर आहे. डिजिटल मीटर साधारण १० मेगचा असतो, त्यावर मधल्या जोडाला ४.३ च्या आसपास दिसलं असतं.

तेव्हा या मीटरने पिन २ आणि पिन ३ कडे बघूच नका. पिन ६ बघा. तो आयसीचा आउटपुट, तिथे काट्याच्या मीटरचं ओझं त्याला जाणवतही नाही. गिटार न वाजवता, गेन आधी पूर्ण कमी आणि मग पूर्ण जास्त, अशी दोन रीडिंग द्या. साडेचारच्या जवळपास असायला हवं.

---

धागाकर्ती:
बापरे, मी रेझिस्टर बदलायला निघालेच होते. पिन ६ वर आठच्या आसपास येतंय. गेन कमी असो की जास्त, काटा तिथून हलत नाही.

---

जुना_रेडिओ:
सापडलं. ४७ एनएफचा कपॅसिटर शॉर्ट आहे, म्हणजे त्याचे दोन पाय आपसात जुळलेत.

कसं ते सांगतो, कारण पुढच्या सर्किटलाही उपयोगी पडेल. या जोडणीत गेन म्हणजे १ अधिक, १ मेग भागिले (पॉट अधिक ४.७ के). पॉटचे ओहम शून्यावर आणले (म्हणजे गेन पूर्ण जास्त) की जवळजवळ २१४ पट. पण ही वाढ फक्त गिटारच्या सिग्नलची व्हायला हवी. बॅटरीच्या साडेचार व्होल्टची नाही, त्यांना एक पटच ठेवायचं. ते काम ४७ एनएफ करतो. डीसी, म्हणजे बॅटरीचं स्थिर व्होल्टेज, त्यातून जात नाही, म्हणून डीसीपुरता खालचा सगळा रस्ता तुटलेला.

तो शॉर्ट झाला की साडेचार व्होल्टही वाढायला लागतात. गेन सगळ्यात कमी असतानासुद्धा दुप्पट म्हणजे ९ व्होल्ट, आणि ७४१ काही ९ पर्यंत जात नाही, आठच्या आसपास अडकून बसतो. आता तुमचा फुर्र आवाज बघा. तार जोरात छेडली तर सिग्नल अर्धा व्होल्ट खाली जातो, तेवढ्या क्षणापुरता आउटपुट अडकल्या जागेवरून सुटतो. हळू छेडली तर सुटतच नाही. गेन वाढवला की अडकण अजून घट्ट, कितीही जोरात छेडा. तुमची तिन्ही लक्षणं बसली.

बॅटरी काढा, आयसी बेसमधून बाहेर काढा, मीटर ओहमवर लावून कपॅसिटरच्या दोन पायांमध्ये बघा. काटा शून्यावर गेला तर आधी पीसीबीच्या मागे बघा, कपॅसिटर नंतर.

---

धागाकर्ती:
शून्य! आणि मागे भिंगातून बघितलं तर दोन पायांच्या ठिपक्यांमध्ये केसाएवढी शिशाची तार. डाग पुन्हा देताना ती अजून जाड झाली असणार, @ठिणगी 😄. ब्लेडच्या टोकाने खरवडली. पिन ६ वर आता साडेचार.

आणि वाजतंय! जाड सहाव्या तारेवर पॉवर कॉर्ड मारला तर खिडकीची काच थरथरली. आई आत येऊन बघून गेली.

अजून तीन गोष्टी अडल्यात. एक, गेनच्या पॉटमध्ये पाऊण फिरवेपर्यंत फार फरक नाही आणि शेवटी एकदम सगळं येतं. दोन, प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलंय, घूं असा आवाज येतो, डब्यावर हात ठेवला की बदलतो. तीन, बॅटरी महाग पडते, घरात राउटरचा जुना १२ व्होल्टचा अडॅप्टर आहे, तो लावू का?

---

कोकणी_बेंजो:
मी गिटारवाला नाही, बेंजो पार्टीत बेंजो वाजवतो. आमच्याकडे पिकअप लावलेल्या बेंजोला असले खटाटोप कायम चालू असतात, म्हणून लिहितो.

अडॅप्टर तसाच लावू नका. राउटरच्या अडॅप्टरच्या पिनमध्ये आतला भाग पॉझिटिव्ह असतो, गिटार पेडलमध्ये रिवाज उलटा, आत निगेटिव्ह. आज नाही तर उद्या कोणाचा तरी पेडलचा अडॅप्टर मागून लावाल आणि उलट्या सप्लायने ७४१ जळेल. कुठली पिन वापरायची ते एकदा ठरवून डब्यावर मार्करने लिहा, आणि पॉझिटिव्हच्या वाटेत एक १एन५८१७ डायोड टाका. नसेल तर १एन४००७. उलटं लावलं तर पेडल चालणार नाही, पण जळणारही नाही. ७४१ ला १२ व्होल्ट चालतात, फक्त तुमचे कपॅसिटर १६ व्होल्टचे किंवा वरचे आहेत ना बघा. स्विचिंग अडॅप्टर बहुतेक किणकिणतात. मधे १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड टाकलं तर बरंच कमी होतं. तरी कार्यक्रमात मी बॅटरीवरच भरवसा ठेवतो. मंडपात एकाच बोर्डावर लायटिंग, डीजे आणि आपण.

घूं साठी धातूचा डबा लागेल आणि तो ग्राउंडला जोडावा लागेल. स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा घेऊ नका, भोकं पाडताना ड्रिल बिट जाईल आणि डबाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात स्विचबोर्डसाठी भिंतीत बसवायचा लोखंडी बॉक्स मिळतो, पेडलच्या डायकास्ट डब्याच्या मानाने फुकटच म्हणायचा. त्याला बाजूला ठोकून पाडायची भोकं आधीच आखलेली असतात, पण पी-३८ ला ती मोठी पडतात, वॉशर लागेल. उघड्या बाजूला पत्र्याचं झाकण करून घ्या. पायाने दाबलं तरी वाकत नाही.

---

जुना_रेडिओ:
गेनच्या पॉटबद्दल. लिनियर पॉट इथे असाच वागतो, कारण गेन पॉटच्या उलट प्रमाणात जातो. खरं तर उलटा लॉग पॉट हवा (लिनियर सारखा बदलतो, लॉग एका टोकाला हळू आणि दुसऱ्याला झपाट्याने), तो आपल्याकडे शोधत बसावा लागतो. साधा लॉग पॉट (पाठीवर 'ए' छापलेला, लिनियरवर 'बी' असतं) दुसऱ्या टोकाच्या पायाला जोडा. गेन नीट पसरेल, फक्त डावीकडे फिरवल्यावर वाढेल. सवय होते.

आणि इनपुट सॉकेटवर टिप (पिनच्या टोकाला लागणारा पाय) ते ग्राउंड १ एनएफ टाका. मूळ सर्किटात तो आहे, तुम्ही लिहिलेल्या जोडणीत दिसला नाही. नाहीतर लांब वायरवर कधीतरी मिडियम वेव्हचं स्टेशन लागेल. गंमत वाटते, पण साथीला नको.

जर्मेनियमचा सोस असेलच तर भंगारातला जुना ट्रान्झिस्टर रेडिओ बघा, डिटेक्टरला एक काचेचा जर्मेनियम डायोड असतो. तो ०.३ व्होल्टच्या आसपास सिग्नलची टोकं कापायला लागतो, १एन४१४८ साधारण ०.६ ला. आवाज मऊ होतो आणि कमीही. मला विचाराल तर १एन४१४८ च्या जागी दोन लाल एलईडी लावून बघा. कापायची पातळी खूप वर जाते, आवाज मोठा आणि मोकळा होतो, आणि खर्च चहाएवढा.

---

धागाकर्ती:
एलईडी उद्याच लावते, घरात पडलेत. शेवटचं: बॅटरीला वेगळा स्विच न लावता गिटारची पिन खोचली की चालू असं करता येतं ना? दुकानात स्टिरिओ पी-३८ सॉकेट दिसलं होतं. पेडल मध्ये घ्यायचा-काढायचा पायाचा तीन पोलचा स्विच बजेटमध्ये बसत नाहीये, तो पुढच्या महिन्यात.

---

कोकणी_बेंजो:
येतं की. इनपुटला तेच स्टिरिओ सॉकेट लावा. टिपला सिग्नल, स्लीव्हला (पिनच्या दांड्याला लागणाऱ्या पायाला) ग्राउंड, आणि बॅटरीची काळी वायर मधल्या रिंगच्या पायाला. गिटारची मोनो पिन आत गेली की रिंग आणि स्लीव्ह तिच्या अंगावरच जोडले जातात आणि सप्लाय चालू होतो. पायाचा स्विच येईपर्यंत साधा दोन पोलचा टॉगल लावा, गाण्याच्या मध्ये वाकून हाताने पाडायचा.