परदेशात मुक्कामी असताना दवाखाना गाठावा लागला तेव्हा... तुमचे अनुभव

काल कॉलेज रोडला औषधाच्या दुकानात उभी होते. पुढचे काका मुलाकडे निघालेले, पिशवीभर बीपीच्या गोळ्या घेत होते. मला एकदम न्यू जर्सीतली ती रात्र आठवली.

अण्णा (माझे सासरे) मोठ्या दिरांकडे होते, आम्हीही तेव्हा तिथेच. जेवणं झाली आणि अण्णांना छातीत दाटून आलं, दरदरून घाम. अण्णांचं एकच, "ॲसिडिटी आहे, लिंबू-सोडा द्या." दिरांनी सरळ ९११ लावला. सासूबाई सारख्या विचारत होत्या, आधी पैसे भरावे लागतील का रे? नाही लागले. तिकडे १९८६ पासून कायदाच आहे. इमर्जन्सी विभाग असलेल्या जवळपास सगळ्या हॉस्पिटलांना आधी पेशंट तपासून स्थिर करावाच लागतो, ऐपत बघायची नाही.

अण्णांना इंग्रजी समजतं, पण त्या घाबरगुंडीत सगळं विसरले. नर्सने फोनवर दुभाषी जोडून दिली, मराठी! तो आवाज ऐकून अण्णांचा चेहराच बदलला. पहिला प्रश्न, "ताई, गाव कोणतं तुमचं?" त्या बाईंनी नियमाप्रमाणे तोही प्रश्न इंग्रजीत करून नर्सला विचारला, आणि नर्सने मनापासून स्वतःचं गाव सांगितलं, ओहायोतलं. त्या परिस्थितीतही आम्ही सगळे हसलो.

विम्याचं सांगते. अण्णांना बीपी आधीपासून. पॉलिसीत 'जुन्या आजाराचा अचानक उद्भवलेला त्रास' हे कलम होतं म्हणून बराचसा खर्च निघाला. स्वस्त पॉलिसीत बरेचदा प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम मिळते आणि वरचं सगळं आपल्या डोक्यावर. बाकी काही वाचू नका, पण हे दोन मुद्दे वाचल्याशिवाय विमानात बसू नका.

तुमचेही लिहा, जाणाऱ्यांना उपयोग होईल.

गोदाकाठ
अगं बाई! अण्णा आता कसे आहेत?

धागाकर्ती
ठणठणीत. रोज सकाळी गोदापार्कला फेरी असते.

सिडकोची आजी
मी म्युनिकला, लेकीच्या बाळंतपणाला. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, सगळं घेऊन गेले आणि दाराबाहेर बर्फावर घसरून मनगट मोडलं. उजवंच. हात सुजून भोपळा. शनिवार संध्याकाळ, नेहमीचे डॉक्टर बंद. लेकीने ११६११७ लावला. जीव धोक्यात असेल तर ११२, पण तसं नसेल आणि दवाखाने बंद असतील तर हा नंबर. कुठे जायचं ते त्यांनी सांगितलं. प्लास्टर छान घातलं, बिल नंतर पोस्टाने घरी.
शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, त्यामुळे पॉलिसी होती. पैसे आधी आपण भरले, मग बिल, डॉक्टरांचा रिपोर्ट, एक्स-रे असं सगळं पाठवल्यावर परत आले. एकही कागद टाकू नका बायांनो.
वाईट याचं वाटलं की बाळाला न्हाऊ घालायला गेलेली मी. रोज जावई घालायचे आणि मी खुर्चीत बसून सांगायची, "आता पालथं घ्या पायावर, मानेला हात द्या, पाणी हळू." पायावर घेऊन न्हाऊ घालणारा जर्मनीतला तो एकटाच बाप असेल!

नाशिकरोडकर
जावईबापूंना साष्टांग!! 🙏

गोदाकाठ
आजी, बाळंतशोपा तिकडे मिळत नाही का? माझी नणंद चालली आहे

सिडकोची आजी
इंडियन दुकानात बडीशेप मिळते. बाळंतशोपा नाही दिसल्या. नेऊ दे इथूनच.

पंचवटीकर
आई कॅनडाला होती बहिणीकडे (आपल्या नाशिकचा कॅनडा कॉर्नर नव्हे, खरा कॅनडा 😄). इथलं मशीन बिघडलं म्हणून तिकडचं घेतलं. सकाळी साखर तपासली तर आकडा ११.२. आई रडायलाच लागली, साखर इतकी खाली गेली म्हणून चमचाभर साखर तोंडात टाकायला निघाली. बहिणीने हात धरला. तिकडचं माप वेगळं, त्या आकड्याला १८ ने गुणायचं. म्हणजे २०० च्या वर! इंग्लंडलाही तेच माप आहे. मधुमेहींनी आपलं मशीन आणि पट्ट्या इथूनच न्याव्यात, जास्तीच्या.

धागाकर्ती
बापरे. हे माहीतच नव्हतं. बरं झालं लिहिलंत.

सातपूर_वाला
सगळे मुलाकडे गेलेल्यांचे अनुभव लिहितात म्हणून माझाही टाकतो. भाऊ वेल्डर, मस्कतला शटडाउनच्या (दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात त्या) कामावर. अपेंडिक्सचं दुखणं निघालं. कंपनीने विम्याचं कार्डच काढलं नव्हतं, सुपरवायझर म्हणे पेनकिलर घे. रूममधल्या केरळच्या पोरांनी उचलून हॉस्पिटलला नेलं. आम्ही इकडून रात्रभर फोनवर. वहिनीला तर दोन दिवस सांगितलंच नाही.
त्या पोरांनीच भारतीय दूतावासाला कळवलं. तिथून कंपनीला फोन गेल्यावर कंपनीने बिल भरलं. ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी दूतावासाकडे समुदाय कल्याण निधी आहे, २००९ पासून. अडचणीतल्या माणसाच्या उपचाराला त्यातून मदत मिळू शकते. गल्फला जाणाऱ्या प्रत्येक पोराने दूतावासाचा नंबर खिशात ठेवा, मोबाईलमध्ये नाही, कागदावर. मोबाईल बंद पडतो.

सिडकोची आजी
त्या केरळच्या पोरांचं देव भलं करो. भाऊ बरा आहे ना रे?

सातपूर_वाला
हो आजी, बरा आहे. आता इथेच असतो.

इंदिरानगर२
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. इंग्लंड: फिरायला गेलेल्यांनाही ए अँड ई (हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग) मध्ये तपासणी, उपचार फुकट, पण वॉर्डात ॲडमिट केलं की बिल सुरू, तेही तिथल्या दराच्या दीडपट. मामेसासऱ्यांच्या वेळी आम्हाला हे तिथे गेल्यावर कळलं. इमर्जन्सी नसेल तर १११ ला फोन, ते सांगतात कुठे जायचं ते

नाशिकरोडकर
दुबईला जाणाऱ्यांनो, कोडीनवालं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडोल (दुखण्यावरचं औषध) परवानगीशिवाय नेऊ नका. इकडे सहज लिहून देतात, तिकडे अडकाल. प्रिस्क्रिप्शनवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

गोदाकाठ
दाताचं कोणी सांगा. रूट कॅनल अर्धवट आहे आणि तिकीट काढलंय.

पंचवटीकर
पूर्ण करूनच जा ताई. ट्रॅव्हल पॉलिसीत दाताचं फार तर अचानक ठणकायला लागलं तर तेवढ्यापुरतं.

नवीन_सभासद
आई-बाबा पुढच्या आठवड्यात ह्यूस्टनला निघतायत. बाबांचं इन्सुलिन मोठ्या बॅगेत चालेल का? बर्फाच्या पिशवीत ठेवून?

सिडकोची आजी
नको नको! हातातल्या बॅगेत. खाली सामानात गोठतं आणि गोठलं की वाया. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

नवीन_सभासद
धन्यवाद आजी 🙏 आणि मुंबई विमानतळाला रात्री सोडणारा खात्रीचा ड्रायव्हर आहे का कोणाकडे? कसाऱ्याला अडकायची भीती वाटते.

नाशिकरोडकर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आता इगतपुरीहून समृद्धीने जा, घाट लागतच नाही.